लोकगीतातला चोर आणि थोडक्या पैशांचा चित्रपट

रायपूर शहराच्या मध्यभागी जयस्तंभ चौक आहे. वाहनांच्या वर्दळीतून हा चौक ओलांडणाऱ्या नवख्या माणसाला तेथे थांबावेसे वाटेल असे फारसे काही दिसत नाही. परंतु रायपूरकरांच्या समजुतीप्रमाणे सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी याच ठिकाणी फाशी देण्यात आली. त्यांच्यावरचा मूळ आरोप बंडाचा नव्हता, लुटीचा होता. १८५६ साली या भागात दुष्काळ पडला. लोक उपाशी होते आणि एका व्यापाऱ्याच्या कोठारात धान्य साठवून ठेवलेले होते. नारायणसिंहांनी ते कोठार उघडविले, धान्य रयतेला वाटले आणि आपण काय केले हे डेप्युटी कमिशनरला स्वतः होऊन कळविले. व्यापाऱ्याने फिर्याद केली. नारायणसिंहांना पकडून रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ऑगस्ट १८५७ मध्ये ते तेथून निसटले, सोनाखानला जाऊन त्यांनी शस्त्र उचलले आणि अखेर ते पकडले गेले.

सरकारी दप्तराने ज्या कृत्याला लूट म्हटले त्याच कृत्याला सोनाखानच्या आसपासची खेडी दान म्हणत राहिली. एकाच घटनेची सुनावणी अशी दोन न्यायालयांत झाली. पहिले न्यायालय आपला निकाल कागदावर लिहिते आणि तो इंग्रजीत, फारसीत किंवा हिंदीत असतो. दुसरे न्यायालय निकाल लिहीत नाही, गाते. आणि ते ज्या भाषेत गाते ती आरोपीच्या घरची भाषा असते. या प्रकरणात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या न्यायालयाचा, आणि ते पुढे थोडक्या पैशांत काढलेल्या चित्रपटांच्या पडद्यावर जाऊन कसे बसले याचा. त्यासाठी रायपूर सोडून थोडा वेळ फार दूर जावे लागेल, कारण हा प्रवास जेथे सर्वांत ठळकपणे दिसतो तो प्रदेश म्हणजे मेक्सिको आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या सीमेवरचा स्पॅनिश भाषिक मुलूख होय.

या मुलुखात गायल्या जाणाऱ्या कथागीताला ‘कॉरिदो’ म्हणतात. मराठी वाचकाला त्याची ओळख पटविण्यास पोवाड्याची आठवण पुरेशी आहे. गायक प्रारंभी साल, स्थळ आणि नायकाचे नाव सांगतो, झुंजीचे वर्णन करतो आणि शेवटी श्रोत्यांचा निरोप घेतो. फरक असा की, पोवाड्याला बहुधा राजा किंवा सरदार लागतो, तर कॉरिदोला घोडेचोर, पळपुटा मजूर किंवा तस्करही चालतो. अर्थात आपल्याकडेही अपवाद आहेत. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक कंपनी सरकारच्या लेखी दरोडेखोर होते. लोकांनी त्यांना राजा म्हटले.

कॉरिदोच्या नायकांत ग्रेगोरिओ कोर्तेझ याचे स्थान फार वरचे आहे आणि त्याची हकीकत मुळातून पाहण्यासारखी आहे. १२ जून १९०१ रोजी टेक्सासमधील कार्न्स परगण्याचा शेरीफ मॉरिस एका घोडेचोराच्या शोधात कोर्तेझच्या दारी आला. शेरीफला स्पॅनिश येत नव्हते. त्याच्याबरोबर आलेला दुभाषी ती भाषा येते असे समजत होता. कोर्तेझने नुकताच कोणाशी घोड्याचा सौदा केला होता काय, असे शेरीफने विचारविले. दुभाष्याने नर घोड्यासाठी असलेला शब्द वापरला. कोर्तेझने सौदा केला होता तो घोडीचा, आणि स्पॅनिशमध्ये घोडीला स्वतंत्र शब्द आहे. म्हणून त्याने प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर दिले. शेरीफला माहिती होती की सौदा झाला आहे, तेव्हा हा मनुष्य खोटे बोलतो आहे अशी त्याची खात्री झाली. तो कोर्तेझला अटक करू लागला. मला विनाकारण अटक करता येणार नाही, अशा अर्थाचे काही कोर्तेझ बोलला. दुभाष्याने त्याचे भाषांतर केले ते असे की, कोणताही गोरा मनुष्य मला अटक करू शकणार नाही. मग गोळ्या सुटल्या. कोर्तेझचा भाऊ जखमी झाला, शेरीफ मेला.

यानंतर दहा दिवस शेकडो सशस्त्र स्वार एका माणसाच्या मागे होते. कोर्तेझ कधी पायी, कधी घोड्यावर शेकडो मैल पळत राहिला आणि सीमेच्या जवळ पकडला गेला. कित्येक वर्षे खटले चालले. शेरीफच्या खुनाच्या आरोपातून तो सुटला, पण पाठलागात मेलेल्या दुसऱ्या एका शेरीफबद्दल त्याला जन्मठेप झाली. १९१३ साली गव्हर्नरने त्याला माफी दिली. तोपर्यंत त्याचे गीत सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरले होते. टेक्सासचे लोकसाहित्यज्ञ अमेरिको पारेदेस यांनी १९५८ साली या गीतावर आणि त्यामागच्या घटनेवर ग्रंथ लिहिला, आणि १९८२ मध्ये त्या ग्रंथाच्या आधारे बेताच्या खर्चात एक चित्रपट निघाला. त्या चित्रपटात पात्रे इंग्रजी बोलतात तेव्हा इंग्रजी ऐकू येते, स्पॅनिश बोलतात तेव्हा स्पॅनिश, आणि स्पॅनिश संवादांच्या खाली इंग्रजी उपशीर्षके मुद्दामच दिलेली नाहीत. ज्याला स्पॅनिश येत नाही तो प्रेक्षक शेरीफच्या जागी येऊन उभा राहतो. समोरचा माणूस काय सांगतो आहे हे त्याला कळत नाही, आणि तरीही निवाडा मात्र करावयाचा असतो. एका लिंगभेदी नामामुळे माणसे मेली, ही गोष्ट व्याकरणाच्या कोणत्याही धड्यापेक्षा अधिक ध्यानात राहील.

हे झाले जुने कॉरिदो. पुढे सीमेवरचा व्यापार बदलला आणि गाण्यांचे नायकही बदलले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’, म्हणजे ‘उत्तरेचे वाघ’, या वाद्यवृंदाने मोटारीच्या चाकांत गांजा लपवून सीमा ओलांडणाऱ्या एका स्त्रीचे आणि तिच्या साथीदाराचे गीत गायले. साथीदार पैसा घेऊन दुसरीकडे निघतो आणि ती त्याला ठार मारते, एवढीच त्याची कथा; पण ते गीत घराघरांत पोचले. १९७७ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला. पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका कॉरिदोवरून ‘ला बांदा देल कार्रो रोहो’, म्हणजे ‘लाल मोटारीची टोळी’, हा चित्रपट आला. त्यात मारिओ आणि फेर्नांदो आल्मादा हे बंधू होते आणि गाणारे ‘वाघ’ स्वतःही होते. येथून एक धंदाच सुरू झाला. आधी गाणे लोकप्रिय व्हावे, मग त्याच्या नावाचे हक्क घ्यावेत आणि गाण्यातील पंधरावीस ओळींची दीड तासाची कथा करावी, अशी ती रीत होती. प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असे. पोवाडा ऐकणाऱ्यालाही तो ठाऊक असतोच. त्यामुळे त्याची गोडी कमी होत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोतील चित्रपटगृहे ओस पडू लागली तेव्हा हे चित्रपट थेट कॅसेटवर निघू लागले. त्यांना ‘व्हिडिओ होम’ असे नाव पडले. लॉस एंजेलिसपासून शिकागोपर्यंत जेथे जेथे मेक्सिकन मजूर राहत, तेथल्या दुकानांत त्या कॅसेटी विकल्या आणि भाड्याने दिल्या जात. शेतात किंवा उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात दिवसभर राबलेला माणूस रात्री आपल्या गावच्या भाषेतला, आपल्या गावासारख्या धुळीच्या रस्त्यावरचा चित्रपट लावीत असे. चित्रीकरण दोनतीन आठवड्यांत उरकलेले, घर खरे, ट्रक कोणाचा तरी मागून आणलेला, गावकरी स्वतःच गावकऱ्यांच्या भूमिकेत. मारिओ आल्मादा २०१६ साली वारले तोपर्यंत त्यांनी असे शेकडो चित्रपट केले होते. समीक्षकांनी या चित्रपटांकडे वळूनही पाहिले नाही, आणि त्यांतील पुष्कळांची तेवढी योग्यताही नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

या बाजारासाठीच म्हणून एक चित्रपट काढावा, या हेतूने रॉबर्ट रॉड्रिग्ज नावाच्या तरुणाने सीमेवरील सिउदाद आकुन्या या गावात ‘एल मारियाची’चे चित्रीकरण केले. खर्च सुमारे सात हजार डॉलर. त्यातील काही रक्कम त्याने एका औषधाच्या चाचणीसाठी स्वतःचे शरीर भाड्याने देऊन मिळविली होती. त्याची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. कथा लिहून मग वस्तू गोळा करण्याऐवजी त्याने आधी हाताशी काय काय आहे याची यादी केली. मित्राचे शेतघर, गावातील दारूचे दुकान, एक बस, एक कुत्रा, रस्त्यात सापडलेले कासव. मग या वस्तू मावतील अशी गोष्ट रचली. कॅमेरा हलविण्यासाठी चाकांची खुर्ची वापरली. गिटारवादकाच्या पेटीत गिटार आहे की बंदुका, या घोटाळ्यावर हा सारा चित्रपट उभा आहे. म्हणजे येथेही गुन्ह्याचे मूळ ओळखीच्या चुकीत आहे. १९९२ साली तो पूर्ण झाल्यावर एका बड्या कंपनीने तो विकत घेतला आणि त्याची प्रत व ध्वनी सुधारण्यावर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा ओतला.

परंतु गाणाऱ्या न्यायालयाचा न्याय नेहमी निर्मळ असतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. सिनालोआ प्रांतातील कुलियाकान या शहरात हेसुस माल्वेर्दे नावाच्या एका डाकूचे देऊळ आहे. श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा हा मनुष्य १९०९ साली मारला गेला असे भाविक सांगतात. तो खरोखर होऊन गेला की नाही याविषयीच अभ्यासकांना शंका आहे. त्या देवळात आजारी मुलाची आई नवस बोलते आणि अफूचा व्यापारीही नवस बोलतो. उपाशी माणसाचा कैवारी म्हणून ज्याचे गाणे सुरू झाले त्याच्याच चालीवर पुढे खंडणीखोराचे गुणगान होऊ लागले, आणि तेही त्याच खंडणीखोराच्या पैशाने. अशी गाणी गाणारा चालिनो सान्चेझ १९९२ मध्ये कुलियाकानलाच मारला गेला, आणि वालेंतीन एलिसाल्दे २००६ मध्ये रेनोसा येथे कार्यक्रम संपवून निघताच. २०११ साली सिनालोआच्या शासनाने दारूच्या गुत्त्यांतून अशी गीते गाण्यास मनाई केली. दोन वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरविली. लोकांचे न्यायालय विकतही घेता येते, आणि ते विकले गेले आहे हे गाण्याच्या चालीवरून कळत नाही.

आता पुन्हा रायपूरकडे वळू. मराठी वाचकाला हे शहर परके वाटण्याचे कारण नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली छत्तीसगढ शंभर वर्षांच्या आसपास होते, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. चित्रपटांच्या व्यवसायात तर हे नाते मोडलेच नाही. वितरकांच्या जुन्या नकाशात विदर्भ आणि छत्तीसगढ ‘सी. पी. बेरार’ या एकाच प्रांतात मोडतात. राज्ये बदलली तरी पेट्या त्याच वाटेने जात राहिल्या.

छत्तीसगढात कॉरिदोसारखे एकच एक कथागीत नाही. येथे पंडवानी आहे, सतनामी समाजाचे पंथी आहे, देवार जमातीची गाणी आहेत, आणि या सर्वांना सामावून घेणारे ‘नाचा’ हे रात्रभर चालणारे नाट्य आहे. पूर्व विदर्भातील खडी गंमत किंवा दंडार ज्याने पाहिली आहे त्याला नाचा कसा असतो हे समजावून सांगावे लागत नाही. स्त्रियांच्या भूमिका करणारे पुरुष, विदूषकाच्या तोंडून मालगुजाराची, पोलिसाची आणि पुजाऱ्याची उडविलेली रेवडी, आणि कथेला हवे तेथे फाटे फोडण्याची मुभा. नाच्यात हवालदार नेहमी मूर्ख असतो आणि चोर चतुर असतो. हा केवळ विनोद आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. ज्या खेड्यात हवालदाराची भाषा वेगळी आणि गावाची वेगळी, तेथे हसणे हीच उलटतपासणी असते.

रायपूरचेच सुपुत्र हबीब तनवीर (जन्म १ सप्टेंबर १९२३) यांनी या नाच्यातील कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ उभे केले ते १९७५ च्या सुमारास. मूळ लोककथा राजस्थानी. विजयदान देथा यांनी ती लिहून ठेवली होती. तनवीरांनी ती छत्तीसगढीत आणली तेव्हा मात्र तिची जात बदलली. चरणदास हा पट्टीचा चोर. एका गुरूपुढे गमतीने तो चार प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, लोकांनी देऊ केले तरी राज्य घेणार नाही. चोराच्या वाट्याला यांतले काहीच येणार नाही हे उघड असल्याने त्या करण्यात त्याला काही अडचण वाटत नाही. पाचवी प्रतिज्ञा गुरू त्याच्याकडून मागून घेतो: खोटे बोलणार नाही. पुढे मालगुजार एका भुकेल्या शेतकऱ्याला तांदूळ नाकारतो तेव्हा चरणदास ते तांदूळ लुटून वाटतो. १८५६ चे सोनाखान येथे कोणी बोलून दाखवीत नाही, पण छत्तीसगढी प्रेक्षकाला त्याची आठवण करून देण्याची गरजही नसते. अखेर राणीच त्याच्यावर भाळते, एकेक प्रतिज्ञा त्याच्यापुढे येऊन उभी राहते आणि तो एकही मोडीत नाही. निदान झाली गोष्ट बाहेर सांगू नकोस, एवढे राणी विनविते. तेवढेही त्याला शक्य होत नाही, कारण तो खरे बोलण्यास बांधलेला आहे. तो मारला जातो.

मूळ कथेत जे एक चमत्कारिक वळण होते त्याला तनवीरांनी पंथी गीतांची जोड दिली. सत्य हेच ईश्वर असे सांगणाऱ्या गुरू घासीदासांच्या अनुयायांची ही गीते चोराच्या कथेभोवती गायली जातात आणि पाहता पाहता चोर साधूच्या पंक्तीत जाऊन बसतो. १९८२ साली एडिंबरो येथील महोत्सवात या नाटकाला पारितोषिक मिळाले. त्याआधी, १९७५ मध्येच, श्याम बेनेगल यांनी बालचित्र समितीसाठी त्याचा कृष्णधवल चित्रपट काढला होता. छायाचित्रण गोविंद निहलानींचे, चरणदासाच्या भूमिकेत नाच्यातले लालूराम, आणि राणीच्या भूमिकेत स्मिता पाटील. मराठी प्रेक्षकांना तिचे पुढचे चित्रपट आठवतात, हा फारसा आठवत नाही. नाच्यातली माणसे कॅमेऱ्यासमोर जराही न बुजता वावरतात, कारण ती अभिनय शिकून आलेली नाहीत. ती रोज रात्री हेच करीत होती. मुंबईहून कलावंत आणून हे साधले नसते, आणि खर्चही वाढला असता. थोडका पैसा येथे चित्रपटाच्या उपयोगी पडला आहे.

तथापि हे प्रकरण एवढ्यावर संपले नाही. जून २००९ मध्ये तनवीर वारले आणि ऑगस्टमध्ये, सतनामी समाजातील काहींच्या आक्षेपावरून, छत्तीसगढ शासनाने या नाटकाच्या पुस्तकावर निर्बंध आणला. तीन दशकांहून अधिक काळ ज्या समाजाचीच गीते या नाटकात गायली जात होती त्याच समाजातून हा आक्षेप यावा, याचे अनेकांना नवल वाटले. नवल वाटण्यासारखे असले तरी ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या पूर्वजांना चोर म्हणून नोंदणारी दप्तरे ज्या समाजांनी पाहिली आहेत त्यांना चोराच्या तोंडी आपले पद ऐकताना पुन्हा ती नोंद आठवत असेल. सिनालोआत शासनाला गुन्हेगाराच्या गौरवाची भीती वाटली. येथे समाजाला गुन्हेगाराशी जोडले जाण्याची वाटली. दोन्ही ठिकाणी उपाय एकच योजला गेला, आणि तो दोन्ही ठिकाणी अपुरा होता.

छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट यापूर्वीच येऊन गेला होता. १९६३ मध्ये आलेल्या पहिल्या भोजपुरी चित्रपटाचे यश पाहून मुंबईत धडपडणाऱ्या मनु नायक यांनी ‘कहि देबे संदेस’ काढला. त्याचे बरेचसे चित्रीकरण पलारी गावात झाले, आणि मोहम्मद रफींनी त्यात छत्तीसगढी गीते गायिली. कथा गुन्ह्याची नाही. पण गावाच्या लेखी ती गुन्ह्याचीच होती, कारण तीत सतनामी तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांचे प्रेम होते. एप्रिल १९६५ मध्ये तो प्रदर्शित व्हावयाचा होता तेव्हा रायपुरात विरोध उठला आणि त्याचे पहिले खेळ दुर्गला झाले. तेव्हाच्या माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांनी चित्रपट राष्ट्रीय एकात्मतेला पोषक असल्याचे सांगितल्यावर विरोध ओसरला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. गावाचे न्यायालय उपाशी माणसाला निर्दोष ठरविते, पण जातीबाहेर प्रेम करणाऱ्याला तेच न्यायालय गुन्हेगार ठरविते. नायकांनी त्या निकालावर अपील केले ते गावाच्याच भाषेत, आणि म्हणूनच ते झोंबले. हिंदीत अशा कथा मुंबईहून येतच होत्या. त्यांवर रायपुरात कोणी दगड उचलला नव्हता.

दुसरा चित्रपट ‘घर द्वार’ १९७१ चा. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे काही नाही. २७ ऑक्टोबर २००० रोजी सतीश जैन यांचा ‘मोर छइहां भुइयां’ आला, आणि पाचच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, छत्तीसगढ राज्य झाले. चित्रपट तुफान चालला. मग रायपुरात निर्मात्यांची रीघ लागली. आठवड्याच्या बाजारात कपड्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांशेजारी चकत्या विकल्या जाऊ लागल्या, मेक्सिकन मजुरांच्या वस्त्यांत कॅसेटी विकल्या जात तशाच. त्याच साली आपल्या मालेगावात यंत्रमागांच्या गजबजाटात नासीर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, ज्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. रॉड्रिग्जच्या यादीचा धडा मालेगावकरांना कोणी शिकविला नव्हता. घोडा नव्हता, सायकल होती.

रायपूरच्या या लाटेतील बहुतेक चित्रपट मात्र निराशा करतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांतला गुन्हेगार मुंबईच्या किंवा हैदराबादच्या चित्रपटातून उचललेला असतो. तो काळा चष्मा लावतो, मोटारींचा ताफा घेऊन येतो आणि हिंदी संवाद छत्तीसगढी प्रत्यय लावून म्हणतो. भाषा गावची असते, गुन्हा गावचा नसतो. मेक्सिकन व्हिडिओ होम कितीही ओबडधोबड असो, त्यातल्या गुन्हेगाराला प्रेक्षक ओळखत असे. तो त्यांच्याच गल्लीतून गेलेला असे. रायपूरच्या पडद्यावरच्या खलनायकाला तेथले कोणीच ओळखत नाही. दिग्दर्शकांकडे पैसा नव्हता हे कारण पुरेसे नाही. पैसा नाच्याकडेही नव्हता.

म्हणून मनोज वर्मा यांच्या ‘भूलन द मेझ’ या चित्रपटाकडे विशेष लक्ष जाते. २०१९ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, जे मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले, उत्कृष्ट छत्तीसगढी चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. हा मान मिळविणारा तो पहिलाच छत्तीसगढी चित्रपट. मे २०२२ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. आधार संजीव बख्शी यांच्या ‘भूलन कांदा’ या हिंदी कादंबरीचा. मुख्य भूमिकेत ओंकारदास माणिकपुरी आहेत, ज्यांची घडण तनवीरांच्या नाट्यसंस्थेत आणि नाच्यात झाली.

भूलन हा एक रानकंद आहे अशी छत्तीसगढातील समजूत आहे. रानातून जाताना त्याच्यावर पाय पडला तर माणूस वाट विसरतो आणि तेथल्या तेथे फिरत राहतो. दुसऱ्या कोणी येऊन त्याला स्पर्श केला की तो भानावर येतो. चित्रपटातली घटना लहान आहे. जमिनीच्या तुकड्यावरून दोन शेतकऱ्यांत झटापट होते आणि कोणाच्या मनात नसताना त्यांतला एक मरतो. हातून मृत्यू घडला त्याच्या घरी बायकामुले आहेत. तो तुरुंगात गेला तर चूल विझेल. गावात एक एकटा, म्हातारा माणूस आहे. त्याच्यामागे रडणारे कोणी नाही. गाव बसून ठरविते आणि म्हातारा आळ आपल्या अंगावर घेतो. पोलीस येतात तेव्हा सगळे गाव एकच साक्ष देते. कागदोपत्री पाहिले तर हा कट आहे, खोटी साक्ष आहे, न्यायाची फसवणूक आहे. गावाच्या दृष्टीने घराघरांत दुःखाची वाटणी केली आहे, आणि ज्याला ते सोसणे सर्वांत सोपे त्याने अधिक वाटा उचलला आहे.

पुढे खरे काय ते बाहेर येते आणि न्यायालयापुढे सारे गाव उभे राहते. येथे चरणदासाची आठवण येते आणि ती अडचणीची आठवण आहे. चरणदास खोटे बोलत नाही म्हणून मरतो. हे गाव खोटे बोलून एक घर वाचविते. एकाच मातीतून निघालेल्या या दोन कथांचा मेळ बसत नाही, आणि चित्रपट तो बसविण्याचा प्रयत्नही करीत नाही. वकील, न्यायाधीश, तुरुंगाधिकारी हे येथे दुष्ट दाखविलेले नाहीत, ही त्यातली सर्वांत चांगली बाब म्हटली पाहिजे. ते आपल्या भाषेत प्रश्न विचारतात, गावकरी आपल्या भाषेत उत्तर देतात. ‘खून कोणी केला?’ या प्रश्नाला गावाजवळ सरळ उत्तर नाही, कारण गावाच्या मते तेथे खून झालेलाच नाही. कार्न्स परगण्यात ‘घोडा’ या शब्दाचे जे झाले तेच येथे ‘खून’ या शब्दाचे होते. फरक इतकाच की, येथे दोन्ही पक्षांना एकमेकांचे शब्द समजतात.

छत्तीसगढ विधानसभेने २००७ साली छत्तीसगढीला हिंदीबरोबर राजभाषेचा दर्जा दिला. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश अद्याप झालेला नाही. रायपूरच्या कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून कामकाज हिंदीत आणि इंग्रजीतच चालते. चित्रपटातले गावकरी कोर्टाच्या आवारात बसतात, शिदोरी सोडतात, आपापसांत छत्तीसगढीत बोलतात, आणि नावाचा पुकारा झाला की एकेक जण उठून आत जातो.